फोड, ताप आणि सूक्ष्मदर्शक
डॉ. हेन्री वॅनडाईक कार्टर यांची मुंबई इलाख्यातील तीस वर्षे

वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ हा ग्रंथ अपरिचित नाही. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील आपल्या धर्मग्रामांतून कितीतरी मुली परिचारिका झाल्या, कितीतरी मुले डॉक्टर झाली. त्यांच्या तोंडून या ग्रंथाचे नाव घरोघरी पोहोचले आहे. १८५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे लेखक हेन्री ग्रे. मात्र ज्या ३६३ आकृत्यांमुळे तो विद्यार्थ्यांना इतका उपयोगी वाटला, त्या आकृत्या ग्रे यांच्या हातच्या नव्हत्या. त्या काढल्या होत्या हेन्री वॅनडाईक कार्टर या तरुण डॉक्टराने. आणि ग्रंथ बाजारात आला तेव्हा हा तरुण मुंबईत येऊन दाखल झाला होता.

पुढची तीस वर्षे त्याने आपल्या या इलाख्यात काढली. महाराष्ट्रातील अनवाणी शेतकऱ्याच्या पायाला होणारा रोग, कोकण-काठेवाडातील कुष्ठरोग, दुष्काळात मुंबईला आलेल्या निराधारांचा ताप, हिवताप आणि ज्याला आज आपण लीशमॅनियासिस म्हणतो तो त्वचेचा फोड, या सर्वांवर त्याने संशोधन केले. चित्रकार म्हणून त्याचे नाव अलीकडे पुन्हा घेतले जाऊ लागले आहे. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या ज्या रोगांनी गांजल्या, त्या रोगांचा हा अभ्यासक आपल्याकडेच विस्मृतीत गेला आहे. म्हणून त्याच्या संशोधनाची ही थोडक्यात हकिगत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

चित्रकाराचा मुलगा

कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ रोजी इंग्लंडमधील हल या बंदराच्या शहरी झाला. वडील हेन्री बार्लो कार्टर हे जलरंगातील चित्रकार होते आणि स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी त्यांचे नाव होते. ‘वॅनडाईक’ हे मधले नावसुद्धा फ्लँडर्सच्या एका थोर चित्रकाराचे. अशा घरात वाढलेल्या मुलाला पेन्सिल धरायला वेगळे शिकवावे लागले नाही. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण घेत असताना तेथील शरीरशास्त्राचे व्याख्याते हेन्री ग्रे यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि त्यातून तो प्रसिद्ध ग्रंथ आकारास आला.

या कामात कार्टर यांच्या वाट्याला न्याय आला नाही. ग्रे यांना ग्रंथाच्या विक्रीवर मानधन मिळत राहणार होते. कार्टर यांना एकदाच १५० पौंड देऊन मोकळे करण्यात आले. मुखपृष्ठाच्या मुद्रितावर दोघांची नावे सारख्याच मोठ्या अक्षरांत जुळविली होती. ग्रे यांनी ते मुद्रित तपासताना कार्टर यांचे नाव लहान करण्याची खूण केली. ते मुद्रित आजही उपलब्ध आहे. ग्रे यांना या यशाचे सुख फार काळ लाभले नाही; १८६१ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, देवीच्या रोगाने त्यांचे निधन झाले.

कार्टर यांनी आपल्या रोजनिशीत मन मोकळे केले आहे. या रोजनिशा लंडनच्या वेलकम ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. त्यांवरून दिसणारा हा तरुण धार्मिक वळणाचा, स्वतःला वारंवार तपासणारा, श्रद्धा आणि संशय यांमध्ये ओढला जाणारा असा आहे. तपासून पाहण्याची ही सवय पुढे त्यांच्या संशोधनातही दिसते.

काट्याने आलेला रोग

मुंबईस आल्यावर कार्टर यांची नेमणूक ग्रँट मेडिकल कॉलेजात झाली. १८४५ साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयात ते शरीररचना व शरीरक्रिया हे विषय शिकवू लागले. शेजारीच सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय. तेथे देशावरून आणि गुजराताकडून शेतकरी, गुराखी, मजूर येत. त्यांतील काहींच्या पायांना एक विचित्र रोग झालेला असे.

प्रथम तळपायाला किंवा घोट्याजवळ एक लहानशी गाठ येई. ती फारशी दुखत नसे, त्यामुळे कोणी तिच्याकडे लक्ष देत नसे. वर्ष-दोन वर्षांत पाऊल सुजून बेढब होई, त्वचेला जागोजाग भोके पडत आणि त्यांतून पातळ स्रावाबरोबर बारीक कण बाहेर येत. काहींच्या पायातून बंदुकीच्या दारूसारखे काळे कण येत, तर काहींच्या पायातून खसखशीसारखे फिकट. रोग हळूहळू हाडांत शिरे. शेवटी पाय कापण्यावाचून गत्यंतर उरत नसे. ज्याचे पोट दोन पायांवर अवलंबून, त्याला एक पाय गमावून गावी परतावे लागे. दक्षिणेत मदुरा शहराकडे हा रोग प्रथम नोंदला गेला, म्हणून इंग्रज डॉक्टर त्याला ‘मदुरा फूट’ म्हणत. कारण मात्र कोणासच ठाऊक नव्हते.

कार्टर यांनी कापलेले पाय उभे चिरून पाहिले. हाडांतील पोकळ्या, त्यांना जोडणाऱ्या वाटा आणि त्यांत बसलेले कण यांची त्यांनी बारकाईने चित्रे काढली. ते कण चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवताच त्यांना बुरशीचे तंतू एकमेकांत गुंतलेले दिसले. बुरशी ही वनस्पतीसारखी सजीव वस्तू जिवंत माणसाच्या हाडांत घर करून राहते, हा विचार त्या काळी धाडसाचा होता. पाश्चर आणि कॉख यांचे रोगजंतूंविषयीचे सिद्धांत अजून पुढे यायचे होते. १८६०-६१ च्या सुमारास कार्टर यांनी आपले निष्कर्ष मुंबईतील वैद्यक सभेच्या नियतकालिकात मांडले आणि या रोगाला ‘मायसेटोमा’, म्हणजे बुरशीची गाठ, असे नाव दिले. तेच नाव आज जगभर चालते. १८७४ साली त्यांनी या रोगावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

काळे कण असलेल्या प्रकाराबाबत कार्टर यांचे म्हणणे पूर्णपणे खरे ठरले. फिकट कणांच्या प्रकारात मात्र पुष्कळदा बुरशीसारखे दिसणारे जीवाणू कारणीभूत असतात, हे विसाव्या शतकाच्या आरंभी उलगडले. हे जंतू मातीत व काट्यांवर असतात आणि अनवाणी पायाला झालेल्या लहानशा जखमेतून आत शिरतात. म्हणजे ज्याला वहाणा घेणे परवडत नाही त्याचाच हा रोग. जागतिक आरोग्य संघटनेने उपेक्षित रोगांच्या यादीत त्याचा समावेश केला तो २०१६ साली, कार्टर यांच्या शोधानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी.

येथे एका गोंधळाचा खुलासा केला पाहिजे. त्याच काळात मुंबईत हेन्री जॉन कार्टर या नावाचे आणखी एक डॉक्टर होते. त्यांनी नारूच्या कृमीचा अभ्यास केला. जुन्या लेखनात या दोन कार्टरांची कधी कधी सरमिसळ होते. नारू आपल्या देशातून १९९६ नंतर नाहीसा झाला. आपले हे हेन्री वॅनडाईक कार्टर ज्या रोगांशी झुंजले, त्यांतील बहुतेक अजून मागे उरले आहेत.

सातारा, नॉर्वे आणि पॅलेस्टाईन

१८६३ ते १८७२ ही नऊ वर्षे कार्टर साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. मुंबईच्या ग्रंथालयांपासून व सहकाऱ्यांपासून दूर, पण रोग्यांच्या अगदी जवळ. येथे त्यांनी कुष्ठरोगाचा पिच्छा पुरविला. त्या काळी ‘महारोग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या व्याधीने पीडित माणसे देवळांच्या पायऱ्यांवर आणि नदीच्या घाटांवर बसलेली असत. कार्टर यांनी बधिर झालेल्या अवयवांतील मज्जातंतूंचा अभ्यास करून ते कसे जाड होतात व कसे निकामी होतात हे दाखविले. हत्तीरोगाकडेही त्यांचे लक्ष होते. कुष्ठरोग व हत्तीरोग यांवरील त्यांचा सचित्र ग्रंथ १८७४ साली निघाला. त्यातील रंगीत चित्रे आजही पाहणाऱ्याला अस्वस्थ करतात, कारण चित्रातील माणूस केवळ नमुना वाटत नाही. त्याच्या चेहऱ्यावर त्याचे दुःख दिसते.

कुष्ठरोग आनुवंशिक की संसर्गजन्य, हा त्या काळचा मोठा वाद होता. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८६७ च्या अहवालात तो संसर्गजन्य नसल्याचे मत दिले होते. रजेवर मायदेशी गेलेले कार्टर विश्रांती घेत बसले नाहीत. १८७३ मध्ये ते नॉर्वेला गेले. तेथील बर्गन शहरी त्याच वर्षी हॅन्सन यांना कुष्ठरोगाचे जंतू दिसले होते. नॉर्वेतील कुष्ठधामे पाहून कार्टर यांनी सरकारला अहवाल सादर केला. पुढे उत्तर इटली, ग्रीसची बेटे आणि पॅलेस्टाईन येथील कुष्ठरोग्यांविषयीही त्यांनी वृत्तांत लिहिला. तो १८७६ साली छापला गेला. ज्या भूमीत प्रभूने कुष्ठरोग्यांना स्पर्श केल्याचे आपण शुभवर्तमानात वाचतो, त्या भूमीतील कुष्ठरोग्यांकडे हा शास्त्रज्ञ मुंबई इलाख्यातील रोग्यांची आठवण ठेवून पाहत होता.

रोग्यांना वेगळे ठेवावे, हा त्यांचा सल्ला आज आपल्याला कठोर वाटेल. पण औषध नसलेल्या काळातील तो सल्ला आहे. मोलोकाय बेटावरील फादर डेमियन १८८९ साली त्याच रोगाने निवर्तले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळाची असहायता समजते. बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग बरा करता येतो हे सांगण्यासाठी जगाला १९८२ सालापर्यंत थांबावे लागले.

बिस्क्राचा फोड

आता आम्ही कार्टर यांच्या संशोधनातील अशा प्रकरणाकडे वळतो, जे त्यांच्या यशाच्या यादीत कोणी घालीत नाही. आमच्या मते ते फार बोधप्रद आहे.

अल्जीरियात वाळवंटाच्या सीमेवर बिस्क्रा नावाचे गाव आहे. तेथील रहिवाशांना व फ्रेंच सैनिकांना चेहऱ्यावर किंवा हातापायांवर एक फोड होई. तो महिनोन्महिने चिघळे आणि बरा झाल्यावर कायमचा व्रण सोडून जाई. हाच फोड सिरियात ‘अलेप्पोचा फोड’, इराकात ‘बगदादचा फोड’ आणि आपल्याकडे ‘दिल्लीचा फोड’ म्हणून ओळखला जाई. दिल्लीतील इंग्रज सैनिकांना त्याने इतके सतावले, की सरकारने त्याची चौकशी चालविली. पाण्याचा दोष, माशांचा दोष, उष्णतेचा दोष, असे नाना तर्क चालले होते.

१८७५ च्या सुमारास कार्टर यांनी बिस्क्राच्या फोडाचे मांस सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांना त्यात गोल कण व बुरशीसारखे तंतू दिसले, आणि मायसेटोमाप्रमाणेच हाही बुरशीचा रोग असावा, असे त्यांनी प्रसिद्ध केले. हा निष्कर्ष चुकीचा होता.

चूक कशी झाली असेल, हे समजणे कठीण नाही. पंधरा वर्षांपूर्वी बुरशीच्या शोधानेच त्यांना नाव मिळवून दिले होते. ज्या वाटेने एकदा खजिना सापडला, त्याच वाटेने माणूस पुन्हा जातो. शिवाय साधनेही तोकडी होती. या रोगाचा खरा परजीवी इतका सूक्ष्म, की एका मिलिमीटरचे पाचशे भाग करावेत तेव्हा त्यातील एकदोन भागांएवढा. तो पेशींच्या आत दडून बसतो. तेलात बुडवून वापरावयाचे शक्तिशाली भिंग जर्मनीत १८७८ साली तयार झाले, आणि अशा परजीवींना निळा-तांबडा रंग देऊन उठून दिसायला लावणारी रंजनाची पद्धत १८९१ साली सापडली. कार्टर यांच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते.

तरीही त्यांच्या या लेखाचे मोल आम्हाला वाटते ते असे, की फोडाचे कारण हवेत किंवा पाण्यात शोधण्याऐवजी त्यांनी ते रोग्याच्या मांसात शोधले. उत्तर चुकले, पण प्रश्न योग्य ठिकाणी विचारला गेला. त्यांच्यामागून इतर त्याच दिशेने गेले. १८८५ साली कलकत्त्याचे डॉ. कनिंगहॅम यांनी दिल्लीच्या फोडात काही चमत्कारिक गोलाकार पिंड पाहून त्यांचे वर्णन केले. १८९८ साली ताश्कंदचे रशियन शल्यविशारद बोरोव्स्की यांनी खरा परजीवी ओळखला. परंतु त्यांचा लेख रशियन भाषेत असल्याने पश्चिमेकडे कोणी वाचला नाही. पुढे १९०३ हे वर्ष उजाडले. कलकत्त्याजवळील डमडमच्या छावणीत ताप जडलेला एक सैनिक इंग्लंडमध्ये मरण पावला होता. त्याच्या प्लीहेत पाहिलेल्या पिंडांचे वर्णन लीशमन यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केले. काही आठवड्यांतच मद्रासच्या चार्ल्स डोनोव्हन यांनी तेच पिंड आपल्या रोग्यांत दाखविले. रोनाल्ड रॉस यांनी दोघांच्या नावांवरून परजीवीला ‘लीशमॅनिया डोनोव्हनी’ असे नाव दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टनच्या राईट यांनी एका आर्मेनियन बालकाच्या फोडात तसलाच परजीवी शोधला. काळा आजार आणि दिल्लीचा फोड ही एकाच घराण्यातील परजीवींची करणी आहे, हे असे कळून आले.

त्यापुढील कथा आपल्या देशाला अभिमान वाटावा अशी आहे. कलकत्त्याच्या एका साध्या खोलीत काम करून डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी ‘युरिया स्टिबामाईन’ हे औषध सिद्ध केले आणि आसाम-बंगालमधील असंख्य रोग्यांना मृत्यूच्या दारातून परत आणले. हा परजीवी वालुमाशीच्या दंशाने माणसात शिरतो, याचा निर्णायक पुरावा १९४२ साली आसामात मिळाला. आज बिहार-झारखंडकडील रोग्याला शिरेतून एकदाच दिल्या जाणाऱ्या औषधाने बरे करता येते. कार्टर यांच्या चुकलेल्या लेखापासून या औषधापर्यंतची वाट दीर्घ आहे; पण ती एकच वाट आहे.

दुष्काळाची माणसे

१८७६ साली दख्खनवर पाऊस रुसला. सोलापूर, सातारा, पुणे, नगर आणि कर्नाटकाकडील जिल्हे उजाड झाले. पुढील दोन वर्षे या इलाख्याने जो दुष्काळ पाहिला, तो एकोणिसाव्या शतकातील अत्यंत भीषण दुष्काळांपैकी एक होता. हजारो कुटुंबे गुरेढोरे व भांडीकुंडी विकून मुंबईच्या वाटेला लागली.

ही वाट आपल्या गावांवरून जात होती. मुंबई ते ठाणे हा देशातील पहिला लोहमार्ग १८५३ साली सुरू झाला. १८५४ मध्ये तो कल्याणपर्यंत आला. १८६३ साली बोरघाट चढून तो थेट पुण्याला जोडला गेला. घाटमाथ्यावरून येणारे दोन्ही मार्ग, पुण्याकडचा आणि नाशिककडचा, कल्याणलाच एकत्र येतात. मुंबईकडे निघालेल्या त्या भुकेल्या माणसांपैकी जी आगगाडीने आली, त्यांना कल्याण-ठाण्यावरूनच जावे लागले. आज आपण रोज सकाळी ज्या फलाटांवर गाडीची वाट पाहतो, त्याच मार्गाने तो दुष्काळ मुंबईत उतरला. आणि त्याच्याबरोबर एक तापही उतरला.

हा ताप एकाएकी येई. रोगी आठवडाभर फणफणत पडे. मग दरदरून घाम सुटून ताप उतरे आणि रोगी बरा झाला असे वाटे. पुन्हा आठवडाभराने तोच ताप उलटून येई. भुकेने खंगलेली शरीरे या दुसऱ्या माऱ्यापुढे टिकत नसत. मुंबईतील अनेक डॉक्टर त्याला हिवतापाचाच एक प्रकार समजत. कार्टर त्या वेळी गोकुळदास तेजपाल रुग्णालयात काम पाहत होते. त्यांनी तापाच्या भरात असलेल्या रोग्याचे रक्त तपासले. रक्तपेशींच्या मधून स्क्रूसारखे पिळदार, अतिशय बारीक जंतू वळवळत धावताना त्यांना दिसले. बर्लिनच्या ओबरमायर यांनी असेच जंतू युरोपातील पुनरावर्ती तापात पाहून १८७३ साली प्रसिद्ध केले होते. तोच ताप हिंदुस्थानात आहे, हे कार्टर यांनी १८७७ मध्ये सिद्ध केले.

मायसेटोमाच्या व बिस्क्राच्या वेळी त्यांनी जंतू ‘दिसला’ एवढ्यावर निष्कर्ष काढला होता. या वेळी ते तेथे थांबले नाहीत. रोग्याचे रक्त त्यांनी माकडांना टोचले. काही दिवसांनी माकडांनाही ताप आला आणि त्यांच्या रक्तातही तेच पिळदार जंतू दिसले. ताप केव्हा चढतो, जंतू केव्हा दिसतात, केव्हा नाहीसे होतात, याच्या नोंदी त्यांनी एकेका रोग्याच्या खाटेशी बसून ठेवल्या. जंतू तापाबरोबर येतात व ताप उतरताना जातात, हे त्यातून स्पष्ट झाले. १८८२ साली ‘स्पिरिलम फीव्हर’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पश्चिम हिंदुस्थानातील दुष्काळाचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही तो वाचावा असा आहे, कारण दुष्काळ माणसाला कसा मारतो याची ती रुग्णालयातील नोंद आहे.

एक प्रश्न मात्र उरला. ताप एकापासून दुसऱ्याला होतो कसा? दाटीवाटी, भूक आणि अस्वच्छता यांच्याशी त्याचा संबंध आहे इतके दिसत होते. वाहक कोण हे ठाऊक नव्हते. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले. १९०७ साली नाशिकच्या एका मिशन वसाहतीत हा ताप पसरला. डॉ. मॅकी यांच्या लक्षात आले, की मुलांच्या कपड्यांत उवा फार आहेत आणि त्यांच्यात ताप जास्त आहे; मुलींच्या कपड्यांत उवा कमी आहेत आणि तापही कमी आहे. अंगावरील कपड्यांतील ऊ हीच या तापाची वाहक, हे त्यांनी दाखवून दिले. हेच मॅकी पुढे मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि १९२५ साली त्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. दुष्काळी माणसाजवळ बदलायला दुसरे वस्त्र नव्हते, हे या शोधाने कळले. म्हणजे कार्टर यांच्या रोग्यांचा खरा रोग कोणता होता, तेही कळले.

शेवटची वर्षे

कार्टर पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झाले. पन्नाशी उलटल्यावरही त्यांचा सूक्ष्मदर्शक बाजूला पडला नाही. १८८७ मध्ये त्यांनी मुंबईतील उंदराच्या रक्तात एक लहान पिळदार जंतू पाहून त्याचे वर्णन केले. हाच जंतू उंदीर चावल्याने येणाऱ्या एका तापाचे कारण आहे, हे पुढे जपानी संशोधकांनी दाखविले. १८८० साली अल्जीरियात लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टराने हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात परजीवी पाहिले होते. पण हिंदुस्थानातील डॉक्टरांचा त्यावर विश्वास बसत नव्हता. कार्टर यांनी मुंबईच्या रोग्यांचे रक्त तपासले, ते परजीवी पाहिले, त्यांची चित्रे काढली आणि १८८८ साली आपला लेख प्रसिद्ध केला. दुर्दैवाने तो फारसा कोणी वाचला नाही. १८९० च्या दशकाच्या आरंभी खुद्द रोनाल्ड रॉस यांनाही या परजीवींच्या अस्तित्वाविषयी शंका होती. १८९४ मध्ये लंडनला मॅन्सन यांनी ते दाखविल्यावर त्यांची खात्री पटली.

१८८८ साली कार्टर निवृत्त होऊन स्कारबरोला परतले. कौटुंबिक जीवनात त्यांनी पूर्वी मोठे दुःख भोगले होते. १८९० साली त्यांनी पुन्हा विवाह केला व त्यांना दोन अपत्ये झाली. ४ मे १८९७ रोजी क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी २० ऑगस्टला सिकंदराबाद येथे रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी सापडला. साडेतीन महिने आणखी जगते, तर ही वार्ता त्यांच्या कानी पडली असती.

त्यांनी ज्या महाविद्यालयात अध्यापन केले, त्याचेच एक पदवीधर, गोव्याच्या हडफडे गावचे डॉ. अकासिओ व्हिएगस, यांनी १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीच्या रोग्यांमध्ये प्लेग ओळखला. रोग्याच्या खाटेशी जाऊन पाहावे आणि जे दिसेल ते निर्भयपणे सांगावे, ही शिस्त मुंबईच्या वैद्यकात त्या काळी रुजली होती. ती रुजविणाऱ्यांत कार्टर होते.

आपल्यासाठी

कार्टर हे परकीय सत्तेचे अधिकारी होते, हे विसरून चालणार नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात लोकांना पुरेसे अन्न न देणाऱ्या राजवटीचेच ते नोकर होते. ज्यांचे पाय त्यांनी चिरून पाहिले, ज्यांच्या बोटाला सुई टोचून रक्त घेतले, त्या शेतकऱ्यांची व मजुरांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत आली नाहीत. मुखपृष्ठावर आपले नाव लहान झाल्याचे दुःख कार्टर यांना सोसावे लागले. या रोग्यांना तर मुखपृष्ठच नव्हते. वैद्यकशास्त्राच्या उभारणीत त्यांचाही वाटा आहे, ही जाणीव आम्ही ठेवली पाहिजे.

परंतु हेही खरे, की तीस वर्षे या माणसाने जे रोग निवडले ते सारे गरिबांचे होते. अनवाणी पायाचा रोग, भिकाऱ्याचा रोग, उपाशी माणसाचा ताप. यांवर संशोधन करून त्या काळी संपत्ती मिळत नव्हती आणि आजही मिळत नाही. औषध विकत घेण्याची ज्यांची ऐपत नाही, त्यांच्या रोगांवर औषध शोधायला कोण पुढे येणार? मायसेटोमावरील उपचार आजही महिनोन्महिने चालतात आणि काहींना अखेर पाय गमवावाच लागतो.

आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ मुले-मुली आज वैद्यकीय, परिचर्या व प्रयोगशाळा शास्त्राचे शिक्षण घेत आहेत. रक्ताचा थेंब काचेवर पसरून त्यात परजीवी शोधणे हे त्यांतील अनेकांचे रोजचे काम आहे. ठाणे व कल्याणच्या पावसाळ्यात हिवतापासाठी असे किती थेंब तपासले जातात! हे काम कंटाळवाणे वाटू लागले, तर त्यांनी मुंबईतील त्या जुन्या रुग्णालयात दुष्काळग्रस्तांच्या खाटांशेजारी सूक्ष्मदर्शकावर वाकून बसलेल्या त्या डॉक्टराची आठवण करावी. त्यांच्या काचपट्टीवरील थेंबही कोणा माणसाचाच असतो. आणि पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे, की मुलांनी परदेशची नोकरी पत्करली तर अवश्य आनंद मानावा. पण एखाद्याने संशोधनाची, कमी पैशाची, गरिबांच्या रोगांची वाट धरली, तर त्याला अडवू नये.